मायनस पॉइंट आठ

ताडकळसला एका लग्नात सरांनी नवरीच्या बापाचा हात धरून विचारलं होतं, "ह्या लग्नाची अपेक्षित निष्पत्ती काय धरली तुमी?"

मांडवात पंगती चालल्या होत्या, तो बिचारा वाढप्यांवर ओरडत निघाला होता. त्याला वाटलं, सरांच्या ताटात काहीतरी वाढायचं राहिलं. त्यानं धावत जाऊन बुंदीचे दोन लाडू आणले आणि सरांच्या ताटात टाकले. सरांनी ते खाल्ले, पण मला हळूच म्हणाले, "बघ. आधी ठरवलंच न्हाई. आता धा वर्षांनी कशावरून सांगनार, जमलं का फसलं?"

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो आणि आपली यांची ओळख नाही असं दाखवायचा प्रयत्न करत होतो. हा प्रयत्न मी पुढं बरीच वर्षं केला. तो कधी जमला नाही, कारण मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि नंतर त्यांच्याच भूगोल विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. तासिका तत्त्वावर म्हणजे मार्चमध्ये आपण संपतो, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही ते देवाला आणि संस्थेच्या सेक्रेटरींना ठाऊक. मी सात जून असे काढले होते. घरी मात्र सगळ्यांना 'प्रोफेसर झालो' असंच सांगून ठेवलं होतं, आणि सासुरवाडीकडून माझ्या दारावर लावायच्या 'प्रोफेसर' पाटीचं मापसुद्धा घेऊन झालं होतं.

सर बोरीहून रोज एसटीनं यायचे. त्यांच्या पिशवीत पाण्याची एक अर्धी भरलेली बाटली असायची, ती प्यायची नाही. कुठंही बसण्याआधी ती टेबलावर आडवी ठेवायची आणि पाणी कुठल्या अंगाला जमतं ते बघायचं. स्टाफरूमच्या टेबलाला पश्चिमेकडं उतार आहे हे सगळ्या कॉलेजात त्यांना एकट्यालाच माहीत होतं. घरी काकूंच्या वरणाला त्यांनी एकदा तीनपैकी गुण दिले. काकूंनी आठ दिवस वरणच केलं नाही. सरांनी त्याची वहीत 'प्रतिसादावरील कार्यवाही' म्हणून नोंद केली आणि काकूंचं कौतुक केलं, की एवढ्या वेगानं कार्यवाही कॉलेजातसुद्धा होत नाही.

तर निष्पत्तीचं प्रकरण असं. वरून आदेश आला होता की प्रत्येक विषय शिकून पोराला नेमकं काय यायला पाहिजे ते आधी लिहून काढा, आणि वर्षाअखेर ते कितपत आलं ते तीनपैकी मोजा. मोजायला संस्थेनं पुण्याच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं. तिथला एक इंजिनिअर येऊन आम्हाला शिकवून गेला. आकडा टाकला की चौकोनाला रंग यायचा. एकाच्या खाली लाल, दोनाच्या खाली पिवळा, त्याच्या वर हिरवा. आमचे प्राध्यापक काही आजचे नाहीत. त्यांनी दुपारच्या चहापर्यंत शोधून काढलं की तीन टाकलं तर तपासायला येणारी समिती संशय घेते आणि अडीच टाकलं तर कंजूसपणा दिसतो. दोन पॉइंट सात हा आकडा सगळ्यांना पसंत पडला. इतिहासाची निष्पत्ती दोन पॉइंट सात आली, वाणिज्यची आली, ग्रंथालयाची आली. दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या संगीत विभागाचीही दोन पॉइंट सात आली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या सगळ्याचा समन्वयक कोण, हे ठरवायला बैठक झाली. आमच्याकडं असलं काम बैठकीतून उठून गेलेल्या माणसाला देतात. सर त्या वेळी बाहेर नव्या पोर्चच्या फरशीवर बाटली ठेवून उकिडवे बसले होते. आत आले तेव्हा टाळ्या चालू होत्या.

"कशाच्या टाळ्या?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच," प्राचार्य म्हणाले.

दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता आणि मग दोन पॉइंट सात टाकून मोकळा झाला असता. सरांनी मात्र सॉफ्टवेअरचं जाड माहितीपुस्तक घरी नेलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. त्यात कुठंतरी लिहिलं होतं की विद्यार्थी येताना काय घेऊन येतो आणि जाताना काय घेऊन जातो यातला फरक म्हणजे निष्पत्ती. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानंही ते इतकं मनावर घेतलं नसेल.

जूनच्या पहिल्याच आठवड्यात, पुस्तकाचं एक पान उघडण्याआधी, सरांनी पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना कॉलेजमागच्या वावरात नेलं आणि एकेकाला उभं करून साधे प्रश्न विचारले. पाणी कुठून कुठं जाईल, ही माती भिजल्यावर काय करील, वारा कुठून सुटला की आभाळ भरतं. मी शेजारी उभा राहून लिहून घेत होतो. चुडाव्याची एक पोरगी होती, तिला सरांनी विचारलं, "तुमच्या वावरातलं पानी कुठं जातंय?"

ती म्हणाली, "पटरीकडं जातंय सर. पटरीखाली मोरी हाय. ती गाळानं बुजली की पानी माघारी फिरून आमच्या हळदीत थांबतंय. मंग आमी खालच्या अंगानं चारी काढून देताव."

सरांनी तिला तीनपैकी तीन दिले.

मग वर्षभर आम्ही शिकवलं. नेटानं शिकवलं, फळ्यावर आकृत्या काढल्या, नोट्स दिल्या. मार्चमध्ये त्याच वावरात, त्याच पोरांना, तेच प्रश्न. चुडाव्याची पोरगी पुढं आली, हात मागं बांधले आणि खाडखाड म्हणाली, "दोन बिंदूंच्या उंचीतील फरक आणि त्यांमधील क्षैतिज अंतर यांच्या गुणोत्तरास उतार असे म्हणतात."

"बराबर हाय," सर म्हणाले. "पर पानी कुठं जातंय?"

ती गोंधळली. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ते सिलॅबसमधी न्हाई, सर."

सगळ्या वर्गाची बेरीज-वजाबाकी सरांनी तीनदा केली. आलेली पोरं जास्त जाणती होती आणि निघालेली कमी. फरक आला मायनस पॉइंट आठ.

सॉफ्टवेअर तो आकडा घेईना. 'कृपया शून्य ते तीन यांमधील संख्या भरा' असं लाल अक्षरात यायचं. सरांनी पुण्याला कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. स्पीकर चालू होता म्हणून सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं.

"मॅडम, मायनस कसं टाकायचं?"

"सर, मायनस येत नाही."

"येत न्हाई कसं? आमच्याकडं आलंय."

"म्हणजे सर, सिस्टीममध्ये शून्य ते तीनच घेतलंय."

"सिस्टीममधी येत न्हाई ते मान्य. पर पोरांमधी आलंय की. ते कुठं ठिवू?"

"तुम्ही शून्य टाका ना सर."

"शून्य म्हंजे आमी काहीच केलं न्हाई. आमी केलंय ना बाई! बाकायदा वर्षभर शिकवलंय."

मॅडमनी तक्रार नोंदवून घेतली आणि फोन ठेवला. लगेच मोबाईलवर मेसेज आला, आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या. सर बराच वेळ त्या मेसेजकडं बघत बसले. तिथंही शून्याच्या खाली जायची सोय नव्हती.

इथपर्यंत मीही हसत होतो. पण त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. ते म्हणाले, एप्रिलमध्ये मूल्यांकन समिती येणार आहे, आणि समितीसमोर ज्या विषयाचा चौकोन लाल दिसेल तो विषय जूनपासून बंद. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना मी माहीतच नव्हतो. पण भूगोल बंद म्हणजे मी बंद. मग मेव्हण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायचं आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाचा फोटो कुणाच्या वर घ्यायचा यावर भांडणं सोडवायची. मेव्हण्यानं तसं दोनदा सुचवलंही होतं.

मी सरांना एकटं गाठलं. "सर, तुमी मे अखेर रिटायर होनार. माझं काय? एक आकडा टाकायचाय. सगळे टाकायलेत."

सरांनी तक्ता माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "अरे, तुझी नोकरी मला दिसती. मला झोप न्हाई त्यापायी. पर ती ह्या तक्त्यात कोन्या कॉलममधी टाकू, ते सांग. हाय का कॉलम?"

कॉलम नव्हता. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की वाटलं, ती बाटली उचलून खिडकीबाहेर टाकावी.

दोन दिवसांनी तेच माझ्याकडं आले. चेहरा उजळला होता. "एका वर्गावरून काढलेला आकडा कच्चा असतो," म्हणाले. "जुनी पोरं मोजू. कदाचित निष्पत्ती उशिरा येत असल. आंब्यावानी. चल, गाडी काढ."

माझ्यासाठी ते निघाले होते, हे मला कळत होतं. सर मांडीवर पिशवी घेऊन माझ्या मोटारसायकलवर मागं बसले आणि आम्ही ताडकळसच्या आठवडी बाजारात गेलो. पहिलाच माजी विद्यार्थी कांद्याच्या ढिगामागं भेटला. तो उठून सरांच्या पाया पडला.

"अक्षांश म्हंजे काय रे?" सरांनी विचारलं.

"सर, तुमी शिकिवलेलं सगळं याद हाय!"

"मंग सांग."

"तुमी लय चांगलं शिकवायचे, सर." त्यानं एवढं म्हणून आमच्या पिशवीत दोन किलो कांदे कोंबले. सर त्याला कांदे परत देऊ लागले, तो घेईना, शेवटी सरांनी वहीत शून्य लिहिलं आणि कांदे माझ्याकडं दिले.

दुसरा भेटला तो स्वतःची शेती करणारा. त्याला सगळं येत होतं. समोच्च रेषा, भूजल पातळी, सगळं. सर मला कोपरानं ढोसायला लागले, बघ, बघ. मग तो म्हणाला, "तुमी शिकिवलेला नकाशा काढूनच वावरात बोअर घेतला, सर."

"मग?"

"कोरडा गेला. आमचा बाप दुसऱ्या जागी सांगत व्हता, तिथं चुलत्यानं घेतला. त्येला पानी हाय. मी बापाला म्हनलं व्हतं, आमी शिकलेले हाव, तुमाला काय कळतंय."

तो हे रागानं म्हणत नव्हता, वर आम्हाला चहाही पाजला. पण सरांचा हात लिहिताना थांबला. त्यांनी त्या नावापुढं मायनस दोन लिहिले. दिवसभरात आम्ही बारा जण मोजले आणि आकडा मायनस पॉइंट आठवरून मायनस एक पॉइंट एकवर गेला. परत येताना सर मागून म्हणाले, "आणखी मोजू नये. तुझं नुकसान व्हायलंय." पॉइंट आठच कायम ठेवू, ती ह्या वर्षीची खरी मोजणी आहे, असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांच्या हिशेबानं ती माझ्यासाठी केलेली फार मोठी सवलत होती.

समिती आली. सॉफ्टवेअरनं मायनस घेतला नव्हता, म्हणून सरांनी भूगोलाचा तक्ता कागदावर छापला, प्रत्येक आकड्याच्या आधी लाल शाईनं उणेचं चिन्ह काढलं आणि प्रत्येक चिन्हाशेजारी सही करून विभागाचा शिक्का मारला. प्राचार्यांना ते कळलं तेव्हा त्यांनी सरांना समितीच्या स्वागतासाठी गेटवर उभं केलं. समिती आत येऊन तास झाला तरी सर गेटवरच. पण समितीचे अध्यक्ष परराज्यातले, वयस्कर गृहस्थ होते. दोन दिवस ते पडद्यावर दोन पॉइंट सात, दोन पॉइंट सात बघत होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ते पाय मोकळे करायला गेटपर्यंत आले, आणि तिथं सर हातात तक्ता घेऊन उभेच होते.

मी मागं धावलो. उशीर झाला होता.

"ये क्या है?" अध्यक्षांनी लाल चिन्हावर बोट ठेवलं.

"मायनस है, साब," सर म्हणाले. त्यांची हिंदी आमच्याकडची, निजामाच्या काळातली. "बच्चा जून में आया तो उसको मालूम था, पानी कां जाता. मार्च में उसको व्याख्या मालूम है, पानी का पता नई."

"ये आपने सच में नापा?"

"नापा ना साब. नापे बगैर कैसा लिखते?"

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि गेटजवळच्या वॉचमनच्या खुर्चीत बसून पूर्ण वाचला. मी खांबाला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात फ्लेक्सच्या दुकानातली माझी खुर्ची कुठं ठेवतील ते बघत होतो.

अहवाल आला तो असा की, या महाविद्यालयातील भूगोल विभागाने अत्यंत प्रामाणिकपणे केलेले आत्मपरीक्षण इतरांनी अनुकरण करावे असे आहे. कॉलेजची श्रेणी एका पायरीनं वाढली. सेक्रेटरींनी सरांना फेटा बांधला. भूगोल वाचला, मी वाचलो. घरी येऊन मी दार लावून थोडा वेळ रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढचं सांगायला वाटते. सर मे अखेर रिटायर झाले आणि जूनमध्ये सेक्रेटरींचं परिपत्रक निघालं: प्रत्येक विभागानं किमान एक निष्पत्ती मायनसमध्ये दाखवावी. स्टाफरूममध्ये दुपारच्या चहापर्यंत आकडा ठरला. मायनस एक जरा भडक वाटतं, मायनस पॉइंट दोनमध्ये प्रामाणिकपणा दिसत नाही. मायनस पॉइंट आठ सगळ्यांना पसंत पडला. पुण्याच्या कंपनीनं सॉफ्टवेअरमध्ये मायनसची नवी सुविधा दिली आणि त्याला जांभळा रंग ठेवला. आम्ही 'ऋण निष्पत्ती : संकल्पना आणि सादरीकरण' अशी एक दिवसाची कार्यशाळा घेतली. दूरदूरहून प्राध्यापक आले. सर प्रमुख पाहुणे होते. त्यांनी भाषणाऐवजी कार्यशाळेच्या आधी सगळ्यांची एक चाचणी घेतली आणि संध्याकाळी तीच पुन्हा घेतली. लोक प्रमाणपत्रासाठी आले होते आणि प्रमाणपत्र घेऊन चालले होते. फरक शून्य आला. सर म्हणाले, "चला, नुकसान तरी न्हाई."

समन्वयक आता मी होतो. जूनमध्ये नव्या पोरांना वावरात न्यायचं होतं. त्या आठवड्यात मी कार्यशाळेचे मांडव, जेवण, बॅनर बघत होतो, त्यामुळं राहून गेलं. मग मार्च आला. जूनचे आकडे नव्हते, तर फरक कशातून काढणार? मी दार लोटून घेतलं आणि भूगोलापुढं मायनस पॉइंट आठ टाकला. चौकोन जांभळा झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी माझी जागा कायम झाली. सासुरवाडीची पाटी एकदाची लागली.

पेढे घेऊन मी बोरीला सरांकडं गेलो. बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर त्यांनी चित्रकलेचे कागद एकाला एक चिकटवून भलामोठा तक्ता केला होता. गावागावांनुसार त्यांच्या सगळ्या नोकरीतले विद्यार्थी होते. रिटायर झाल्यापासून ते रोज फोन लावून, एसटीनं गावोगाव जाऊन एकेकाला मोजत होते. शून्य, मायनस, मायनस, शून्य. काकू म्हणाल्या, "जेवन सोडून हेच करायलेत. इच्यारलं तर म्हनतात, मी नोकरीत काय केलं ते मला बघू दे." त्या हसत म्हणाल्या, पण त्यांचा आवाज हसरा नव्हता.

माझ्या नावापुढचा रकाना कोरा होता.

"तुझंच राह्यलंय," सर म्हणाले. "यंदा भूगोलाची किती आली?"

"मायनस पॉइंट आठ, सर."

"पोरांला जूनमधी वावरात न्हेलं व्हतं?"

"हो सर."

"एकेकाला उभं करून इच्यारलं?"

"हो सर."

बी. ए.ला त्यांच्याकडं आलो तेव्हा गृहपाठ केला नाही असं सांगतानासुद्धा माझे कान लाल व्हायचे. आता मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होतो.

सर ताडकन उठले. काकूंना हाक मारली, "अहो, बाहेर या! म्हनलं व्हतं का न्हाई? एक तरी पोरगं निघालं!" मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "बाकीच्यांची मी परीक्षा घेतली. तुझी काय घ्यायची? तू म्हनतोस म्हंजे मोजलंच असनार."

त्यांनी पेन घेतलं, स्टुलावर चढले आणि माझ्या रकान्यात तीन लिहिले. त्याच्या आधी अधिकचं चिन्ह काढलं. सबंध भिंतीवर ते एकच होतं. त्यांनी त्याच्यावरून पेन पुन्हा एकदा फिरवलं, म्हणजे लांबूनही दिसावं, आणि खाली उतरून, चार पावलं मागं जाऊन भिंतीकडं बघत उभे राहिले.

मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं. काकूंनी चहा आणला, तो आम्ही तिघांनी घेतला.